जीव घाबरतो, त्याचा खर्च किती?

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यात, बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात शिफ्ट करणाऱ्या माणसाला मनाच्या डॉक्टरकडे जायचं असेल, तर त्याचा पहिला खर्च फीचा नसतो, बुडालेल्या रोजीचा असतो. सकाळी निघायचं, सातनूर, केळवद, सावनेर करत नागपूर गाठायचं, नंबर लावायचा आणि परत यायचं. यात दिवस जातो. दुसऱ्या बाजूला सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाडा, तिथंही तेच. सौंसर किंवा लोधीखेड्याला डॉक्टर गोळी लिहून देईल. पण दर आठवड्याला पाऊण तास समोर बसून ऐकणारा माणूस हवा असेल, तर नागपूर, छिंदवाडा किंवा मोबाईलचा पडदा, हे तीनच रस्ते धरून चाला.

म्हणून 'एका वेळेचे किती घेता?' एवढंच विचारून ठरवू नका. पूर्ण उपचाराचा हिशेब काढा आणि पहिल्या दोन भेटींवर कंजूषपणा करू नका. सगळ्यात महाग पडतो तो अर्ध्यात सोडलेला उपचार. तीन खेपा झाल्या, पटलं नाही, सोडलं. वर्षभराने दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपल्याकडे पैसे असेच जातात.

आधी छाती तपासा, पण एकदाच

आपल्याकडे 'मला अँक्झायटी आहे' असं म्हणत कुणी येत नाही. जीव घाबरतो, छातीत धडधड होते, हातपाय गार पडतात, झोप उडते, डोक्यात चक्र सुरू राहतं, असं सांगतात. बरेच जण हे 'गॅस' म्हणून काढतात. त्यामुळे सुरुवात ईसीजीने होते आणि ते चूक नाही. चाळिशीपुढच्या माणसाची धडधड आधी हृदयाची नाही ना, हे बघायलाच हवं. थायरॉईड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं, तरी अशीच घाबरगुंडी होते. ईसीजी, थायरॉईडची टीएसएच आणि हिमोग्लोबिन मिळून खाजगीत साधारण ५०० ते १,००० रुपयांत होतं. सरकारी दवाखान्यात त्याहून पुष्कळ कमी.

पैसे वाया जातात ते पुढे. एक ईसीजी चांगला आला, डॉक्टरने 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' म्हटलं. पुन्हा धडधडलं की दुसरा डॉक्टर, दुसरा ईसीजी, मग इको, मग पोटाची दुर्बीण. पहिल्या तपासण्या स्वच्छ असताना तिसऱ्या फेरीला जो पैसा जातो, तेवढ्यात बोलण्याच्या उपचाराच्या तीन-चार बैठका निघतात. रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरला दाखवले तर तो पुन्हा करायला लावणार नाही.

पाटीवरच्या पदव्या

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. पुढच्या दोघांच्या उलट तो औषध लिहू शकतो. नागपूरला धंतोली, रामदासपेठेत असे बरेच दवाखाने आहेत. पहिल्या भेटीची फी साधारण ६०० ते १,५०० रुपये, पुढच्या भेटींची कमी. पण गर्दीच्या ओपीडीत दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळेल, ही अपेक्षा ठेवू नका. तो वेळ निदानाचा आणि गोळीचा असतो.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, औषध देत नाही. बोलून उपचार करतो. या पदवीवर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची देखरेख आहे. १९९२ च्या कायद्याप्रमाणे त्या व्यक्तीचं नाव परिषदेच्या नोंदवहीत असावं लागतं आणि तिला नोंदणी क्रमांक असतो. परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. क्रमांक विचारलात म्हणून जो रागावेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. नागपुरात अशा एका बैठकीचे साधारण ८०० ते १,५०० रुपये धरा. पुण्या-मुंबईकडे १,५०० ते ३,००० पर्यंत जातात.

तिसरा समुपदेशक. इथे डोळे उघडे ठेवा. समुपदेशकांमध्ये उत्तम शिकलेले, मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं अनुभव घेतलेले लोक आहेत, तसे आठवड्याच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन आलेलेही आहेत. पाटी दोघांची सारखीच. शिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, माझ्यासारखे लोक आधी पाहिलेत का, हे तीन प्रश्न पुरेत. 'मागच्या जन्मात नेऊन भीती काढतो', 'तीन सिटिंगमध्ये गॅरंटी' किंवा 'पंचवीस हजारांचं पॅकेज आजच भरा' असं कानावर पडलं, तर चपला घालून बाहेर पडायचं.

जुना घाव सांभाळून काम करणारा कसा ओळखायचा

प्रत्येक घाबरणाऱ्या माणसाच्या मागे जुना आघात असतोच असं नाही. पण बऱ्याच जणांच्या मागे असतो. नागपूर रस्त्यावरचा अपघात डोळ्यांसमोर झालेला असतो. कुणी लहानपणी दारूच्या नशेतल्या बापाचा पट्टा खाल्लेला असतो. कुणाला सासरी मार बसलेला असतो, कुणाच्या घरात कर्जापायी माणूस गेलेला असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीत गोटमारीला दगड चालतात. त्यात जवळचं माणूस जखमी झालेली घरंही याच तालुक्यांत आहेत. अशा माणसाला ट्रकचा हॉर्न किंवा दाराचा मोठा आवाज ऐकूनच घाम फुटतो. ही भेकडपणाची खूण नव्हे. धोका टळला हे शरीराला अजून कळलेलं नसतं.

अशांसाठी उपचार करणाऱ्याची पद्धत वेगळी लागते. अमेरिकेच्या साम्सा या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये आघाताची जाण ठेवून काम करण्याची तत्त्वं मांडली. सुरक्षितता, पारदर्शीपणा, सोबतीने निर्णय आणि माणसाच्या हाती पुन्हा ताबा देणं ही त्यांतली मुख्य. कागदावर ती मोठी वाटतात. दवाखान्यात मात्र ती अगदी साध्या गोष्टींतून दिसतात आणि पहिल्या भेटीतच दिसतात.

चांगला थेरपिस्ट पहिल्याच दिवशी 'काय झालं ते सगळं सांगा' म्हणून मागे लागत नाही. आज काय करणार, किती वेळ, पुढे काय, हे आधी सांगतो. 'आत्ता बोलायचं नसेल तर चालेल' असं म्हणतो आणि तसं वागतोही. सोबत आलेल्या नवऱ्याला, सासूला, मोठ्या भावाला काही वेळ तरी बाहेर बसवतो. तुमचं बोलणं कुणाला सांगणार नाही आणि कुठल्या परिस्थितीत सांगावं लागेल (जिवाला धोका असेल तर), या दोन्ही गोष्टी स्पष्ट करतो. बाईला बाईच थेरपिस्ट हवी असेल तर तोंड वाकडं करत नाही. आठवणी उकरण्याआधी घाबरणं आवरायची साधनं हातात देतो: श्वास, पाय जमिनीवर टेकवून आजूबाजूच्या वस्तूंकडे लक्ष देणं, झोपेची शिस्त. पहिल्या दोन-तीन बैठकांत एवढंच झालं, तर पैसे वाया गेले असं समजू नका. तो पाया आहे.

आता उलट बाजूही बघा. 'झालं गेलं विसरून जा', 'बाकीच्यांना बघ, किती सहन करतात', 'नवऱ्याला सांभाळून घ्या, सगळं ठीक होईल' असा सल्ला नातेवाईक फुकट देतात. त्याचे हजार रुपये मोजायचे नाहीत. मार खाणाऱ्या बाईला आणि मारणाऱ्याला एकत्र बसवून समेट घडवणारा तर धोकादायकच. घरी गेल्यावर त्या बोलण्याचा सूड निघू शकतो.

पद्धतीची नावं विचारून घ्या. नुसत्या चिंतेसाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारा उपचार, चांगला तपासलेला आहे. आघातासाठी त्याचाच आघातावर केंद्रित प्रकार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साथीने आठवणींवर काम करणारा उपचार) या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आघात-केंद्रित सीबीटीसाठी साधारण ८ ते १२ बैठका धरल्या आहेत. हा आकडा लक्षात ठेवा. एक बैठक पुरत नाही, पण 'दोन-तीन वर्षं येत राहा' असं पहिल्याच दिवशी सांगणाऱ्याला कारण विचारायला हरकत नाही.

आता हिशेब

दहा बैठका धरू. बैठकीचे १,००० रुपये. बस आणि शहरातला ऑटो जाऊन-येऊन ३००. रोजी बुडाली तर ५००. सगळ्या खेपा नागपूरला आणि कामाच्या दिवशी केल्या तर १८,००० रुपये. सुटीच्या दिवशी वेळ मिळाली तर १३,०००; फक्त रविवारी बहुतेक दवाखाने बंद असतात, तेव्हा साप्ताहिक सुटी बदलून मिळते का ते आधी सुपरवायझरला विचारा. पहिल्या दोन भेटी समोरासमोर आणि उरलेल्या आठ व्हिडिओवर केल्या तर ११,६००. औषध चालू असेल तर महिन्याला शे-दोनशे वर. जनऔषधी केंद्रात त्याहून कमी.

माझी शिफारस तिसऱ्या रस्त्याची आहे. दोनदा समोर बसून माणूस पारखा, मग फोनवर चालू ठेवा. अडचण नेटवर्कपेक्षा भिंतींची असते. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सासूबद्दल बोलायचं कसं? लोक संत्र्याच्या बगीच्यात जाऊन बसतात, उभ्या गाडीत काचा वर करून बोलतात, हेडफोन लावून प्रश्नांना हो-नाहीत उत्तरं देतात. थेरपिस्टला ही अडचण पहिल्याच भेटीत सांगा. समजूतदार असेल तर वेळ त्याप्रमाणे देतो.

व्हिडिओचा दुसरा फायदा भाषेचा. शासकीय कागद हिंदीत, शाळा हिंदीत, पण रडू येतं ते मराठीत. ठाण्यातल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारखी, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये उभी केलेली संस्था मराठीत काम करते. पैसे भरण्याआधी तिचे यूट्यूबवरचे 'आवाहन' वाहिनीचे मराठी कार्यक्रम फुकट बघता येतात. ऐकून बघा, पुढे थेरपिस्टशी काय बोलायचं, याला शब्द सापडतात.

फी परवडत नसेल तर कमी होईल का, हे सरळ विचारा. पुष्कळ थेरपिस्ट आठवड्याच्या काही वेळा कमी शुल्कात ठेवतात, पण पाटीवर लिहीत नाहीत. मागायची लाज वाटते म्हणून पूर्ण फी देऊन चौथ्या बैठकीला सोडून देण्यात कुणाचंच भलं नाही.

फुकट किंवा जवळपास फुकट

आज रात्रीच कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक. केंद्र सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. दुसरा क्रमांक १८००-८९१-४४१६. चोवीस तास चालतो, कॉलला पैसे नाहीत. भाषा निवडता येते, त्यात मराठी आहे. समुपदेशक बोलतो आणि गरज असेल तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवाही फोनवर विनामूल्य समुपदेशन देते: ९१५२९८७८२१. या दोन्हींकडून दर आठवड्याची तीच व्यक्ती मिळेल, असं धरून चालू नका. पण पहिलं पाऊल म्हणून यांच्याएवढं स्वस्त दुसरं काही नाही. मरावंसं वाटत असेल किंवा तशी तयारी मनात चालली असेल, तर मात्र भेटीची तारीख घेत बसू नका. १४४१६, ११२ किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याची कॅज्युअल्टी, लगेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ मुळे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच धरलं जातं. पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

आपला जिल्हा आता पांढुर्णा. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला, पण मोठं रुग्णालय अजून छिंदवाड्याचंच. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ चं. मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांत 'मनकक्ष' नावाने मानसिक आरोग्याची खोली असते. चिठ्ठीच्या खिडकीवर तेच नाव सांगा. निघण्याआधी तज्ज्ञ कुठल्या वारी बसतात, ते फोन करून विचारा. नाहीतर घाट चढून जायचं आणि 'साहब आज नहीं हैं' ऐकून परतायचं.

नागपूरला जाणार असाल तर प्रादेशिक मनोरुग्णालय छिंदवाडा रोडवरच आहे, आपल्या बसच्या वाटेवर, शहराच्या तोंडाशी. १८६४ पासूनचं. तिथल्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात आणि तेवढ्यासाठी माणसं पुढच्या स्टॉपवर उतरून मागे चालत येतात. चाला, हरकत नाही. पण तिथली ओपीडी फक्त 'वेड्यांची' नाही, झोप न येणारे, घाबरणारे रोज येतात. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. इतवारीच्या गाडीने जाणाऱ्याला मेयो सोयीचं, एम्स मात्र शहर ओलांडून पलीकडे. केसपेपर नाममात्र, गर्दी जबरदस्त. तिथे औषधाचा उपचार चांगला होतो. दीर्घ बैठका मिळवायला चिकाटी लागते. डॉक्टरला सरळ म्हणा, 'गोळीसोबत सायकॉलॉजिस्टकडेही पाठवा.' न मागता ती चिठ्ठी क्वचित मिळते.

घरात मारहाण होत असेल तर बाईसाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आणि 'सखी' वन स्टॉप सेंटर. तिथे समुपदेशन, वैद्यकीय आणि कायद्याची मदत मिळते, पैसे लागत नाहीत.

पगारचिठ्ठी नीट वाचा

रेमंडच्या कापड कारखान्यामुळे बोरगावचं नाव बाहेर गेलं, पण आजूबाजूला लहान-मोठे कारखाने आणि ठेकेदाराची माणसंही पुष्कळ. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल आणि चिठ्ठीत ०.७५ टक्के ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर तुम्ही आणि घरचे, दोघांचाही वैद्यकीय हक्क झाला. मानसिक आजार त्यातून वगळलेला नाही. नेमून दिलेल्या दवाखान्यातून वरच्या रुग्णालयाला पाठवण्याची चिठ्ठी घ्या. डॉक्टरने कामावर न जाण्याचं प्रमाणपत्र दिलं आणि हप्त्यांची अट पूर्ण असेल, तर आजारपणाच्या दिवसांची ७० टक्के मजुरी वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. हा पैसा कित्येकांना माहीत नसल्याने पडून राहतो.

मोठ्या कंपन्यांत कधी कधी कर्मचाऱ्यांसाठी फुकट समुपदेशनाचा फोन असतो. वापरा, पण आधी एवढंच विचारा: माझं नाव एचआरकडे जातं का?

आयुष्मान कार्डावर भरवसा ठेवून बसू नका. वर्षाला पाच लाखांचं ते संरक्षण दाखल झालेल्यांसाठी आहे. दर आठवड्याच्या बैठकीचे पैसे त्यातून निघत नाहीत. खाजगी विम्याचंही बहुधा तसंच. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ मुळे विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा लागतो, पण पॉलिसीत ओपीडी नसेल तर ती तापालाही नसते आणि चिंतेलाही नसते. महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेसाठी तिकडचं रहिवासी असावं लागतं, ते आपण नाही.

जामसावळी आणि झोपेची गोळी

पैशांची वाट आणखी दोन ठिकाणी फुटते. सौंसरजवळच्या जामसावळीच्या निजलेल्या मारुतीला दूरदूरची माणसं 'बाहेरचं' झालेल्यांना घेऊन येतात. दर्शनाला जाऊन मन हलकं होत असेल तर जा. नारळाला फार पैसे पडत नाहीत. मात्र कुणी 'आता गोळ्या बंद करा' म्हटलं किंवा उताऱ्यासाठी हजारो मागितले, तर ते ऐकायचं नाही. देवाने असं काही सांगितलेलं नसतं.

दुसरी वाट मेडिकल स्टोअरची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. तरी 'मागच्या वेळी दिली होती तीच द्या' म्हणून नेणारे असतात. थोड्याच वेळात जीव शांत होतो, म्हणून ती स्वस्त वाटते. काही आठवड्यांत शरीर तिला सरावतं, आणि ती एकदम बंद केली तर घाबरणं दुप्पट होऊन परत येतं, कधी झटकेही येतात. चिंतेवर डॉक्टर बहुधा एस्सिटालोप्रामसारखं औषध देतात. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमके त्याच दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून लोक ते सोडतात. सुरुवातीला मळमळ किंवा थोडी अस्वस्थता वाढू शकते, हे डॉक्टरने न सांगितल्यास आपण विचारायचं.

चार बैठकांनंतरही त्या माणसासमोर छाती मोकळी होत नसेल, तर थेरपिस्ट बदला. त्याला तसं सांगूनच बदला. निघताना निदान, आतापर्यंत काय काम झालं, औषधाचं नाव आणि मात्रा, एवढं एका कागदावर लिहून मागा. आपली वैद्यकीय नोंद मिळण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. तो कागद हातात असला की नव्या माणसाकडे सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही, आणि पहिल्या भेटीची जास्तीची फी तो पुष्कळदा माफही करतो, विचारावं लागतं.